धुम्यावरची कणीक

देवळातल्या मृदंगाच्या धुम्यावरची कणीक मी काढली नाही, आणि त्याचा ठपका माझ्या भावसुनेवर, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोवर, आला तेव्हा मी तोंड उघडलं नाही. पहिली चूक विसरण्याची होती. ती कोणाकडूनही होते. दुसरी मात्र मी रोज सकाळी उठून नव्याने करत होतो. सोयाबीनच्या सोंगणीपासून तूर वाळून कापणीला येईपर्यंत ती चालली.

आता ते मिटलं आहे. मृदंग मी अजून शिकतोच आहे आणि अजून वाईटच वाजवतो. माझा डावा हात मागे राहतो. हे मला, शिकवणाऱ्या आबांइतकंच, माझी भावसूनही सांगते. समोर येऊन नाही, आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून माझ्या बायकोला हाक मारून म्हणते, "जिजी, दादाजीले सांगा, डावा उशिरा येऊन राह्यला." मग मी इकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट, अशी हाक आली की त्या दिवशी जेवण चांगलं जातं.

ज्यांनी मृदंग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मृदंगाला दोन तोंडं. उजव्या हाताकडे शाईचं तोंड, त्याचा आवाज टणक. डाव्या हाताकडे धुमा, त्याचा आवाज घुमणारा. पण धुमा आपोआप घुमत नाही. वाजवायला बसण्याआधी गव्हाची कणीक सैल मळून तिची पुरीएवढी थापी धुम्याच्या मधोमध लावावी लागते, तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली उतरतो. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढायची, कातडं कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मग गवसणी चढवायची. कणीक राहिली तर वाळून कातडं ओढते, आणि उंदीर आले तर कणकेसोबत कातडंही खातात. आमच्या देवळात सप्ताहाच्या जेवणाचे गहू साठवलेले असतात. उंदीर तिथे कायमचेच.

मी मृदंग शिकायला बसलो ते वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याआधी भजनात माझी जागा मागच्या रांगेत, टाळ घेऊन. आमचे जुने मृदंग वाजवणारे मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि मंडळ उघडं पडलं. बैठकीत प्रश्न निघाला, आता कोण? पोरं एकमेकांकडे पाहून हसली. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकतो."

"या वयात?" आमचे अध्यक्ष म्हणाले.

"शिकू द्या ना," मागून एकजण बोलला. "मागच्या रांगेत तरी काय करून राह्यला तो? टाळ बी चुकवतेच."

शिकवायला इंझोरीचे एक म्हातारे मिळाले. त्यांना सगळे आबाच म्हणतात. त्यांची लेक आमच्या गावात दिलेली. दर गुरुवारी ते लेकीकडे येत आणि देवळात बसून शिकवत. त्याच सुमारास गावातल्या बायांनीही आपलं भजनी मंडळ काढलं होतं. त्यांचं भजन गुरुवारी दुपारी. त्यांच्याकडून मृदंगावर माझ्या धाकट्या भावाची बायको बसली. म्हणजे दुपारी तिचा धडा, संध्याकाळी माझा. मृदंग एकच, देवळाचा.

पहिल्या दिवशी आबांनी मला वाजवूच दिलं नाही. पितळीत कणीक घेऊन बसवलं.

"पयले लावणं शिक, मंग काढणं शिक. वाजवाले जलम पडला हाय."

मी कणीक लावली, काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी 'धा' दिला. 'धा'ला दोन्ही हात एकाच वेळी पडावे लागतात. माझे पडत नसत. उजवा पोचून जायचा आणि डावा मागून यायचा, शेताच्या बांधावरून चालणाऱ्या दोन माणसांसारखे.

"अबे, फावडं मारून राह्यला का?" आबा म्हणायचे. "मिरदंग हाय तो, वावराचा धुरा नाही. हात ठेवून उचलाचा. आपटाचा नाही."

मी घरी सराव करू लागलो. मृदंग घरी नेता येत नसे, म्हणून मोटारसायकलच्या टाकीवर, पोत्यांच्या थप्पीवर, स्वतःच्या मांड्यांवर. एकदा जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालायला लागली तर बायको म्हणाली, "जेवून राह्यले का वाजवून राह्यले? भाजीले तरी ताल धरू द्या." पोरगी खो-खो हसली. मीही हसलो. ते दिवस चांगले होते. नवीन काही शिकणं माझ्या आयुष्यात फार वर्षांनी आलं होतं.

पण मी 'धा'वर अडकलो होतो तेव्हा माझी भावसून 'तिटकत गदिगन' वाजवू लागली होती.

मी तिला वाजवताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरांत भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावसुनेशी बोलायची पद्धत नाही. मी दारात आलो की ती पदर पुढे ओढते आणि आत जाते. काही सांगायचं असेल तर माझ्या बायकोच्या मार्फत, नाहीतर पोरीच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्यात एक वाक्य सरळ गेलं नव्हतं. तिचा हात कसा चालतो ते मला कानांनीच ठाऊक होतं. ती घमेलं पालथं घालून सराव करायची आणि भिंतीवरून तो आवाज यायचा. स्वच्छ, एकसारखा. डावा आणि उजवा एका श्वासात.

एकदा पारावर एकाने विचारलं, "तुमच्या घरी मिरदंग वाजवणारी हाय मंतेत ना?"

"हो," मी म्हणालो.

"अन् वाजवणारा बी हाय मंतेत," दुसरा म्हणाला. "त्याचा काही आवाज आयकू नाही आला बापा अजून."

सगळे हसले. मीही हसण्यात सामील झालो, पण ते बोलणं मला लागलं. तेव्हापासून मी कोणी ऐकणार नाही अशा वेळा शोधायला लागलो.

सोंगणीचे दिवस आले. गाव सगळं वावरात. त्या गुरुवारी बायांचं भजनही लवकर आटोपलं, कारण सगळ्यांनाच दुपारी शेतात परतायचं होतं. आबा आलेच नव्हते. देवळाची किल्ली गुरवाच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली असते. त्यांच्याही घरी कोणी नव्हतं. मी किल्ली काढली, देऊळ उघडलं, घरून पानात बांधून आणलेली कणीक लावली आणि बसलो.

त्या दुपारी मला 'धा' सापडला. कसा ते सांगता येत नाही. दोन्ही हात एकदम पडले आणि आवाज मृदंगातून न येता खालच्या फरशीतून वर आल्यासारखा वाटला. मी घाबरून थांबलो. पुन्हा मारला, पुन्हा तसाच आला. मी वेड्यासारखा एकच बोल वाजवत राहिलो आणि एकटाच हसत राहिलो.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मळणीचं यंत्र आमच्या वावरात येऊन उभं होतं. "कुठी हायेस? लवकर ये, नाहीतर तो दुसऱ्याच्या वावरात चालला!" मी गवसणी ओढली, मृदंग कोपऱ्यात ठेवला, किल्ली खिळ्याला लावली आणि पळालो.

कणीक तशीच राहिली.

कधी आठवली, हेही सांगतो, कारण इथे थांबलो तर मी पुन्हा स्वतःला वाचवल्यासारखं होईल. त्याच संध्याकाळी आठवली. बायको चुलीपुढे पोळ्यांची कणीक मळत होती आणि मी पायातला भुसा झटकत होतो. मनात म्हटलं, उद्या काढून टाकू. दुसऱ्या दिवशी पोती भरायची होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस येतो का म्हणून ताडपत्री टाकायची होती. मग ते डोक्यातून गेलं.

एकादशीला भजनाला बसलो आणि अध्यक्षांनी मृदंग बाहेर काढायला सांगितला. गवसणीच कुरतडलेली होती. ती काढल्यावर धुम्याच्या मधोमध भोक दिसलं, मूठ आत जाईल एवढं. कडेला वाळलेल्या कणकेचे पापुद्रे चिकटून होते.

"कणीक ठेवली कोण?" अध्यक्ष ओरडले. "शेवटी वाजवला कोणं?"

"गुरुवारी बायांचं भजन होतं. आबा तं आलेच नव्हते," कोणीतरी म्हणालं.

"मंग काय विचारता. बायांले काय समजते त्यातलं."

माझ्या हातात टाळ होते. समोर माझा धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं की त्यांच्यानंतर मी आलो होतो. पण मग कसा आलो, चोरून का आलो, हे सगळं निघालं असतं. पारावरचं ते हसणं मला तिथे बसल्या बसल्या ऐकू आलं.

"आजपासून मिरदंग बायांच्या हाती द्याचा नाही," अध्यक्षांनी सांगून टाकलं. "टाळावर करा मनावं भजन."

मी गप्प राहिलो. आणि मला लिहायला सगळ्यात जड जातं ते हे, की ते ऐकताना क्षणभर मला बरं वाटलं. आता ती माझ्या पुढे जाणार नाही, असं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

त्या दिवशी भिंतीपलीकडून भावाचा आवाज आला.

"जाऊ दे ना आता. असन विसरली. होते माणसाकून."

"नाही विसरली मी," ती म्हणाली. "कणीक काढली होती. फडक्यानं पुसलं बी होतं. ते फडकं मी घरी आणून धुतलं, तुमच्या डोळ्यादेखत वाळू घातलं."

"मंग उंदीर काय कोरडं कातडं खाले आला होता?"

त्यानंतर घमेल्याचा आवाज बंद झाला.

मृदंग दुरुस्तीला न्यायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो. तेवढ्याने काहीतरी फिटेल असं वाटलं असावं. मानोऱ्याहून एसटीने वाशीम, तिथून रिसोड. तिथे एकजण नवी पुडी, म्हणजे नवं कातडं, चढवून देतो. जाताना मृदंग मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, "कुठं कार्यक्रम हाय का तुमचा?" मी नाही म्हणालो. "मंग वाजवून दाखवा ना जराक, रस्ता कटन." मी गवसणीचं फाटकं टोक हाताखाली दाबून धरलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो.

नवी पुडी चढवून परत आलो तर मंडळाने माझं कौतुक केलं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर नारळ दिला. "असा माणूस पायजे. सोंगणी टाकून, दोन एसट्या बदलून गेला," ते म्हणाले. शिव्या खाल्ल्या असत्या तर सोपं झालं असतं. तो नारळ घरी आणला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. बायकोने फोडायला घेतला तर मी उगाच तिच्यावर खेकसलो. ती बिचारी पाहतच राहिली.

आबा मला शिकवत राहिले. नव्या पुडीचा धुमा छान बोलत होता आणि मी त्यावर दगडासारखा बसत होतो. एकदा त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुह्या भावसुनेले मी पयल्या दिवशी कणीक काढाले शिकवली. पोरीचा हात अन् डोकं दोन्ही जाग्यावर हाय. माहा तं ईश्वास बसत नाही बापा. पर मंडळापुढं माहं काय चालते?"

मी मान हलवली. मान हलवणं हेही खोटं बोलणंच होतं.

माघात आमच्याकडे सप्ताह बसतो. त्यात एक दुपार बायांच्या भजनाची ठरली होती. पण नुसत्या टाळांवर त्यांचं भजन उभं राहीना. गुरुवारी दहा-बाराजणी जमायच्या तिथे चारजणी यायला लागल्या. बाकीच्या म्हणायच्या, मिरदंगाशिवाय काय जायचं, टाळ तर घरीही वाजवता येतात. सप्ताहाची दुपार आता रद्द होणार, हे जवळपास ठरलंच होतं.

एका संध्याकाळी बायको मला जेवायला वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "आज ती अध्यक्षाच्या घरी गेल्ती."

"कोण?"

"तुमची भावसून, आणखी कोण? मने, 'कणीक माह्याकूनच राह्यली. मले माफी करा, पर बायांले मिरदंग द्या.' अध्यक्ष मनले, पाहू, सप्ताहापुरता देऊ. बाया लय खूश हायेत."

"पण तिनं तर काढली होती ना कणीक?" मी म्हणालो.

बायकोचा हात भाकरीवर थांबला.

"तुमाले काय माहीत?"

मी घास ताटात ठेवला. आणि मग सांगितलं. गुरवाची ओसरी, किल्ली, 'धा', यंत्राचा फोन, चुलीपुढे आठवलेली कणीक, एकादशी, नारळ. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट छातीवरचं पोतं कोणीतरी एका बाजूने उचलल्यासारखं झालं.

बायकोने भाकरीची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "दुसऱ्याची चूक आपली मनून सांगून आली ते माय. अन् तुमी इथं भाकर मोडून राह्यले."

"उद्या मंडळात सांगतो."

"सांगा. न सांगतलं तर मी सांगीन."

दुसऱ्या दिवशी हरिपाठ झाल्यावर मी उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. माझा भाऊ माझ्याकडे असा पाहायला लागला की मला त्याच्याकडे पाहवेना.

"मंग तवाच काहून नाही बोलला?" अध्यक्षांनी विचारलं.

"लाज वाटली."

"कणकेची?"

"नाही. चोरून वाजवाची. वाजवता येत नाही त्याची."

कोणीतरी फिसकन हसलं. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "अध्यक्षसाहेब, नारळ वापस घ्या याचा!" आणि सगळं देऊळ हसायला लागलं. अध्यक्षांनाही हसू आवरेना, पण राग त्यांच्या डोळ्यांत होताच. त्यांनी मला चार गोष्टी सुनावल्या. त्या ऐकण्यासारख्याच होत्या. मग म्हणाले, बायांचा मृदंग बायांना, फक्त सप्ताहापुरता नाही, पहिल्यासारखा दर गुरुवारी. उठताना भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि मला शिवीही दिली नाही. फक्त म्हणाला, "मी बी तिचं खरं नाही धरलं, दादा. मले बी घरी जाऊन बोलणंच हाय."

मी घरी निघालो तेव्हा पाय इतके हलके होते की मला वाटलं, झालं, सुटलो. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. नारळाचंही सांगितलं. ती हसली, आणि मग विचारलं, "अन् तिले?"

"तिले तिचा नवरा सांगन ना."

"नवरा त्याचं सांगन. तुमचं कोण सांगन?"

"अगं, मी भासरा. तिच्यासंगं कवा बोललो का मी?"

"तिले चूक नसताना परक्याच्या दारात जाऊन बोलता आलं," बायको म्हणाली. "अन् तुमाले एक भिंत आड येऊन राह्यली?"

भिंतीवरून बायकोच्या मार्फत निरोप धाडता आला असता. पण ज्या गोष्टीसाठी ती सगळ्यांसमोर खोटी पडली होती ती निरोपाने कशी फिटणार? गुरुवारपर्यंत मी हेच मनात घोळवत राहिलो, आणि गुरुवारी दुपारी देवळात गेलो.

बाया जमल्या होत्या. दहा-बारा तरी असतील. ती मृदंगापाशी बसून धुम्याला कणीक लावत होती. मला दारात पाहिल्याबरोबर तिने पदर ओढला आणि उठून खांबाआड उभी राहिली. बाकीच्या कुजबुजल्या.

"एकादशीले या ना बापा," भजन सांगणारी म्हातारी म्हणाली. तिला गाव काकी म्हणतं. "आज बायांचं हाय."

"काकी, मले एक सांगाचं होतं. त्या मिरदंगाचं..."

"समद्या गावानं आयकलं ते. एवढे दिवस जीभ उंदरानं नेल्ती का तुही?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं.

"तरी सांगतो," मी म्हणालो. "चूक माही होती. तुमचं भजन माह्यापायी बंद पडलं."

"आमाले कायले सांगतं?" काकी म्हणाली. "जिले सांगाचं ते तिथं उभी हाय. तुह्याकडं पाहत नाही, पर कान हायेत तिले."

मी खांबाकडे वळलो. पदराच्या कडेने तिचा हात दिसत होता, ओल्या कणकेने भरलेला. मी डोळे खाली घातले आणि पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोललो.

"माय, त्या दिवशी तुह्यानंतर मी आलो होतो. कणीक मी ठेवली. तू काढली होती, मले माहीत होतं. तुह्यावर आलं तवा मी गप राह्यलो, काहून का तू माह्यापेक्षा चांगलं वाजवतं, अन् ते मले सहन नाही झालं. अध्यक्षाच्या दारात जाऊन तू जे माफी मांगतली, ते माही होती. ते मी आज मांगतो. मले माफ कर."

पदर तसाच ठेवून ती मृदंगापाशी येऊन बसली आणि धुम्यावर कणीक थापता थापता म्हणाली, "काकी, दादाजीले सांगा, झालं ते झालं, आता डावा मागं राहू देऊ नका मनावं."